बांध्यांतून चालवलेली घोडी

बायको गेली त्याला दुसरं वर्ष लागलं. लोक येतात, तिच्या हातच्या भाजीचं बोलतात. भाजी बरी करायची, खोटं कशाला सांगू. पण मला आठवते ती घोडीपुढे उलटी चालताना.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. मी सिहोऱ्याहून तुमसरला टांगा चालवत होतो. जुना घोडा मेला म्हणून वरातीची घोडी आणली. नवरदेव बसवून बसवून तिची पाठ जुन्या खाटेसारखी खोल गेली होती अन् पोट लोंबत होतं. टांग्याला जुंपली की मान वर करायची, चढावर मागचे पाय फरफटायची. नालबंदानं हात फिरवून पाहिलं.

"पाय चांगले हायेत गा. मधल्या अंगातच दम नाही. पोट कसल्याबिगर पाठ उचलत नाही. जुंपू नको, नुसती चालव."

टांगा उभा राहिला तर चूल कशी पेटणार? बाजारातल्या एका व्यापाऱ्याला घोडी द्यायचं मी ठरवलं. तो होळी झाल्यावर येतो म्हणाला.

"तवरिक मले द्या," बायको म्हणाली. "धान कापून झालं. माहे हात रिकामेच हायेत."

मी तुमसरच्या राईस मिलमध्ये पोती उचलायला लागलो अन् घोडी तिच्या हवाली केली.

आमच्याकडचं धानाचं शेत म्हणजे लहान लहान बांध्या, अन् प्रत्येक बांधीला गुडघाभर मातीचा धुरा. बायको घोडीला आडवी काढायची, एक धुरा ओलांडला की दुसरा. मुठीत वाळलेली मोहफुलं धरून स्वतः पुढे उलटी चालायची. मूठ खाली, म्हणून घोडीची मान खाली. उडी मारू द्यायची नाही. एक एक पाय उचलून ठेवला की पाठ आपोआप वर यायची. मग तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या उंच बांधावर, हळूच चढवायची, उतरताना थांबवून थोडी मागे सारायची.

मला वाटलं, खाऊ घातल्यानं पाठ भरेल. मी कोंडा वाढवला. पोट अजूनच लोंबलं. बायकोनं टोपलं उचलून नेलं.

बांध्यांत धानानंतरची लाखोरी, डाळीचं पीक, उभी होती. शेजारचा शेतकरी धुऱ्यावरून ओरडला, "काय वो वहिनी, माह्या लाखोरीतून वरात काढून राहिली का?"

"तोंड लावत नाही ते. मुसकं बांधलं हाये, पाहा. तुमाले बांधलं असतं तं बरं झालं असतं."

तो हसला. नंतर आपली पडीक बांधी त्यानंच दाखवली.

गोचीड काढताना एकदा तिचं नख घोडीच्या छातीमागं पोटाखाली लागलं. घोडीनं पोट आत ओढलं, पाठ उचलली. तेव्हापासून बायको रोज तिथं खाजवायची. माघ सरता सरता पाठीतला खड्डा भरत आला. मिलमधून आलो की मी तिथं हात ठेवून पाहायचो.

होळी झाली, व्यापारी आला. घोडीभोवती फिरला. "ही तीच घोडी का गा? बोललो त्याच्याहून जास्त देतो."

आता चांगली झाली म्हणून ती जाणार होती. मी बायकोकडं पाहिलं.

"मले काहून पाहता? टांगा तुमी चालवता," ती म्हणाली. मग घोडीचा कान साफ करत हळूच म्हणाली, "याच्याकडं कोठं धुरे हायेत? पावसाळ्याच्या आत पाठ पुन्हा बसंल."

मी व्यापाऱ्याला सांगितलं, देत नाही.

"मंग मले कायले बलावलं?" तो चिडला. चहा पिऊन गेला.

मी लगेच घोडी जुंपली. सवारी आणायला निघणार, तर बायकोनं लगाम धरला. "आज नाही. अगोदर रिकामा टांगा नेऊन पाहा."

रिकामा टांगा घेऊन पाळीकडच्या चढाला लागलो. घोडीनं मान खाली घातली, मागचे पाय रोवले, अन् टांगा वर गेला. फरफट नाही, थांबणं नाही. बायको चाकाच्या बाजूनं चालत होती. धापा टाकत होती.

मी म्हणालो, "बस वर."

"मी बसली तं रिकामा कसा राहील?" ती म्हणाली, अन् घरापर्यंत पायीच आली.