उताराची ओळख

मी झाशीचा, मालगाडीचा ड्रायव्हर. आमच्या कामात नवा मार्ग कुणाच्या हाती एकदम देत नाहीत. आधी जाणत्या ड्रायव्हरबरोबर जाऊन चढ कुठे, वळण कुठे, सिग्नल कुठून दिसतो ते पाहायचं. मार्ग ठाऊक झाला असं स्वतः लिहून द्यायचं आणि मगच गाडी हाती घ्यायची. म्हणून हिमालयात, औलीला, माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीनं झाडीतल्या अवघड उतारावरून स्कीवर उतरायची परवानगी मागितली, तेव्हा मी म्हणालो, "आधी उतार बघू. पायी."

तिनं कपाळावर हात मारला. "बाबा, सब हँसेंगे!"

आदल्या वर्षी शाळेच्या शिबिरात ती स्की शिकली होती आणि या खेपेला हट्टानं आम्हा दोघांना घेऊन आली होती. तिचा इथला स्की-शिक्षक म्हणाला, "कर लेगी, भाईसाहब. बाकी आपकी मर्ज़ी." तिची आईसुद्धा सगळं माझ्यावर ढकलून खाली टपरीवर चहा पीत बसली होती. मला भीती वाटत होती. शंभर मीटरला एक मीटर उतार असला तरी मी ब्रेकवरचा हात काढत नाही, आणि इथे तर ब्रेकच नव्हता.

झाशीच्या सीपरी बाजारातून आणलेले गमबूट घालून, हातात काठी धरून मी कडेकडेनं उतरू लागलो. स्की वर ठेवून ती तोंड फुगवून मागून आली. झाशीत मी बर्फ पाहिला तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. इथे उन्हातला बर्फ मऊ, आणि देवदारांच्या सावलीत मात्र इतका कडक की काठी रुतेना.

"इथे ऊन पोचतच नाही," ती म्हणाली.

"मग इथे वेग कसा आवरायचा?"

तिनं पाय आडवे करून दाखवलं. स्कीची कड बर्फात रुतते, आणि उताराला आडवं गेलं की वेग आपोआप मरतो. घाटातले रूळ डोंगराला वळसे घालत जातात ते याचसाठी, मी म्हणालो. त्यावर तिचा रुसवा गेला. पुढे तीच वाकून वाकून उंचवटे तपासू लागली. एका जागी वाट फुटत होती. डावीकडे दाट झाडं होती, म्हणून उजवीकडून जायचं ठरलं.

खाली पोचल्यावर तिनं विचारलं, "हो गया ना, बाबा?" माझ्याकडे आता एकही सबब नव्हती. मी हो म्हणालो.

ती वर गेली. मी त्या फाट्याच्या जरा खाली उभा राहिलो. कडक बर्फावर ती आडवी झाली, कड करकरली, वेग मेला. छान. आणि मग ती सरळ डावीकडे झाडांत शिरली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं ती पार खाली बाहेर आली, उभीच्या उभी.

मी घसरत, धडपडत तिच्यापाशी गेलो. "उजवीकडे ठरलं होतं ना?"

"उजवीकडे उंचवट्याच्या वर एक माणूस पडला होता, तुम्हाला खालून दिसला नसेल. त्याच्या अंगावरून जाऊ?"

माझा राग गेला. तरी राहवेना. "झाडांत जागा होती?"

"थोडी."

"थोडी म्हणजे? वळलीस कशी?"

तिनं स्की काढून बाजूला रोवले आणि चढायला लागली. "चला, दाखवते. आणि बाबा, मी पाय ठेवीन तिथेच ठेवा."