आधी प्रत, मग झाडलोट

टायपिस्टकाकूंचा लॅपटॉप सकाळी सुरूच होईना. काळा पडदा आणि त्यावर गरगरणारं पांढरं चक्र, बस्स. काकू घरबसल्या लोकांचे अर्ज, प्रबंध टाइप करून द्यायच्या. दुरुस्तीवाल्यापेक्षा त्यांचा स्वतःवर जास्त भरवसा, आणि शिवाय यजमानांनी सगळं शिकवून ठेवलेलं.

यजमान कारखान्यात स्टोअरकीपर होते. ते निवृत्त झाले, अंगातलं स्टोअर काही झालं नाही. दर एक तारखेला लॅपटॉपला बाहेरची डिस्क जोडायची, त्याच्यातच आलेल्या रिकव्हरी प्रोग्रामने अख्ख्या मशीनची प्रत काढायची आणि मगच नको ते पुसायचं. "आधी प्रत, मग झाडलोट," हे ऐकून ऐकून काकूंचे कान किटले होते. ते गेल्यावर मात्र दोन वर्षं त्यांनी हा नेम एकदाही चुकवला नाही.

ते गेले पोटाच्या दुखण्याने. आजार घरात कळला आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. "आई, रोज समोर जेवायला बसणारा माणूस वाळत चालला आणि तुझ्या लक्षात आलं नाही?" लेक एकदा बोलून गेली. मग कढ आला की बोलायचीच. लवकर नेलं असतं तर, हेच काकूंनाही खात होतं.

काकूंनी डिस्क जोडली, यजमानांनी शिकवलेली कळ दाबून रिकव्हरी उघडली. तारखांची यादी आली. भाजीवाली ताजी भाजी वर मांडते, त्या हिशेबाने त्यांनी सगळ्यांत वरची तारीख निवडली. यादी नेमकी उलटी होती, सगळ्यांत जुनी प्रत वर.

तासाभराने लॅपटॉप उठला. पडद्यावर नातवाचा फोटो नव्हता. अडीच वर्षांपूर्वीचं सगळं जिथल्या तिथे होतं. कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी, "चार वाजता नळवाला. हिला आठवण करणे." जणू ते आतल्या खोलीत चष्मा शोधताहेत. काकूंनी खरंच वळून पाहिलं. स्वतःचाच राग आला, तरी पुन्हा पाहिलं.

पडद्यावरची केराची टोपली भरलेली होती. झाडलोटीआधीची प्रत ना ती! आत जुनी बिलं, दोन-दोनदा उतरवलेले फोटो, आणि यजमानांच्या नावाचा एक रिपोर्ट. तारीख ते जाण्याच्या सात महिने आधीची. त्याखाली डॉक्टरांना लिहिलेलं पत्र.

"आपण म्हणता, उपचारांनी महिने वाढतील, मी बरा होणार नाही. मुलीला दिवस गेलेत, ती आमच्याकडे आहे. आधीची दोन राहिली नाहीत. या वेळी तिला पडून राहायला सांगितलंय, धक्का बसता कामा नये. बायकोला सांगितलं तर तिच्या चेहऱ्यावरून मुलीला कळेल. कृपया घरी कळवू नये."

पुसायला ते चुकले नव्हते. फक्त हाडात मुरलेल्या सवयीने आधी प्रत काढून बसले होते.

"एवढं कळतं होय माझ्या चेहऱ्यावरून?" काकू रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. भूक नाही म्हणून ताटावरून उठणं, बाथरूममध्ये तासभर नळ सोडून ठेवणं, सगळं आता अंगावर चालून येत होतं. एवढे महिने हा माणूस शेजारच्या उशीवर एकटाच मरत होता.

मग ओझं उतरल्यासारखं वाटलं. आपला दोष नव्हता! हात फोनकडे गेला. हे पत्र लेकीला दाखवलं की झालं. ती वाचेल, आणि बाप कोणासाठी गप्प राहिला हे तिला कळेल. मग पोराला जवळ घेताना दर वेळी तिला काय आठवेल?

काकूंनी हात मागे घेतला.

लॅपटॉप बंद पडल्याचं सकाळीच लेकीला सांगितलं होतं, रविवारी जावई डिस्क तपासायला येणार होते. काकूंनी यादीतली सगळ्यांत खालची, ताजी प्रत घालून लॅपटॉप नीट केला. मग जुन्या प्रतीवर आल्या. "ही प्रत कायमची काढून टाकायची?" मशीनने विचारलं. चिठ्ठी पुन्हा एकदा बघावीशी वाटली. त्यांनी "हो" दाबलं. या वेळी ते त्यांच्याच हातून गेले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"झाला का गं सुरू?"

"झाला."

"बाबांचं काही होतं त्यात?"

"काही नाही गं."

"आई, तुला खरंच काहीच जाणवलं नव्हतं?"

"नाही," काकू म्हणाल्या. "चुकलंच माझं."