भिंतीकडे बघत बसलेले आई-पप्पा

आई-पप्पांना एकटेपणातून सोडवायला मी एकदा पुण्याहून भाईंदरला गेले होते. आधी ते मला सापडेनात. आणि सापडल्यावर मी पहिली गोष्ट काय केली, तर तिथल्या पालीच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींचे दोन दिवस वाळवलेले बोंबील मातीत लोळवले.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे मानसशास्त्राच्या मॅडम वर्गात जे सांगतात ते सगळं मी खरं मानते. (बाकीच्या मुली मोबाइल बघतात. मी तारखेसकट लिहून घेते.) त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, मुलं शिकायला बाहेर गेली की घर म्हणजे पिल्लं उडून गेलेलं घरटं होतं. आईवडील तासन्‌तास नुसते बसून राहतात. त्यांना हस्तकला, छोट्या सहली, छोटे आनंद यांची गरज असते. ‘मुलांनी पुढाकार घ्यावा.’ हे वाक्य मी दोनदा अधोरेखित केलं.

संध्याकाळी नेहमीसारखा आईचा फोन आला.

“जेवलीस?”

“हो. मेसमध्ये आज छान होतं.”

“बरं. तू नाहीस तर घर खायला उठतं गं.”

हे वाक्य आई गेलं दीड वर्ष रोज म्हणते. बाकीचे लोक फोन ठेवताना ‘ठेवते हं’ म्हणतात, आमची आई हे म्हणते. पण त्या दिवशी ते मी पहिल्यांदा मानसशास्त्राच्या कानांनी ऐकलं. माझी आई, घरी बसून साड्यांना फॉल-पिको करणारी. माझे पप्पा, दिवसभर दुसऱ्यांच्या बिल्डिंगमधल्या लिफ्ट दुरुस्त करणारे. आणि मी त्यांचं एकुलतं एक पिल्लू! मला रडूच आलं.

शनिवारी पप्पांची सुट्टी असते. मी न कळवता पहाटेची गाडी पकडली. सोबत रंगीत कागदाच्या पट्ट्या गुंडाळून फुलं करायचा एक मोठा डबा घेतला होता. वहीत आराखडाही तयार होता: शनिवार, हस्तकला. रविवार, छोटी सहल. मध्ये वेळ मिळाल्यास, छोटा आनंद.

घराला कुलूप होतं.

शेजारच्या भावनाबेननी दार उघडलं. “अरे सोनल! मम्मी-पप्पा तो नहीं है. शनिवार को किधर मिलते हैं वो लोग!”

“हर शनिवार?”

“हर शनिवार. मम्मी तो नई चप्पल भी लाई, रेती में चलनेवाली.”

माझ्या आईकडे रेतीत चालायची वेगळी चप्पल! मी जिन्यातूनच फोन लावला.

“आई, कुठे आहेस?”

“घरीच गं. कुठे जाणार?” आईचा आवाज एकदम पडला. “बसलोय आपली दोघं, भिंतीकडे बघत.”

मी भिंतीकडे बघितलं. भिंत होती. मी तिच्या चुकीच्या बाजूला उभी होते, एवढंच. तेवढ्यात फोनमधून कोंबडा आरवला, एका स्कूटरने हॉर्न दिला आणि कुणीतरी बाई ओरडली, “गो वयनी, च्या थंड झाली!”

“आई, मागे कोण बोलतंय?”

“टीव्ही,” आई म्हणाली आणि फोन कट.

“पाली जाते हैं,” भावनाबेन शांतपणे म्हणाल्या. “उत्तनवाली बस से. तेरे को नहीं मालूम?”

नव्हतं मालूम. स्टेशनच्या पश्चिमेहून बस पकडली आणि रस्ताभर विचार करत राहिले. (माझी हीच वाईट खोड आहे. मी विचार करते.) दर शनिवारी जातात. माझ्यापासून लपवतात. का? वही उघडली. ‘काही पालक आपली खरी परिस्थिती मुलांपासून दडवतात.’ हे मी तीनदा अधोरेखित केलेलं होतं! मग आठवलं, या खेपेला हॉस्टेलची फी पप्पांनी एक अक्षर न बोलता भरली होती. एक अक्षर! लाइट बिल भरताना जो माणूस अर्धा तास बोलतो, तो!

पालीत उतरले तेव्हा माझा निष्कर्ष पक्का झाला होता. फक्त तो काय आहे ते स्वतःशी म्हणायची हिंमत होत नव्हती.

गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून मोटरसायकल आली की आपण कुणाच्या तरी ओट्यावर. अशाच एका ओट्यावरच्या आजींना मी विचारलं, दर शनिवारी भाईंदरहून दोघं येतात, ती कुठे असतात?

“शिलाईवाली वयनी? ती काय, फिलोमावशीच्या अंगणात हाय.”

कोपऱ्यावरून वळले आणि बघितलं. अंगणात मासेमारीचं भलंमोठं जाळं पसरलेलं. त्याच्या कडेला माझे पप्पा जमिनीवर, मान खाली घालून, हातात सुई घेऊन गाठी मारतायत. पलीकडे आई कुणाच्या तरी साडीला फॉल लावतेय.

संपलं. पप्पांची नोकरी गेली होती. दोघं माझ्या फीसाठी लोकांच्या अंगणात मजुरी करत होती आणि मी पुण्यात बसून त्यांच्या एकटेपणाच्या नोंदी घेत होते!

“पप्पा!” मी किंचाळले. “मी कॉलेज सोडते!”

आणि धावले.

आता, अंगणाच्या मधोमध बांबूंना आडव्या दोऱ्या बांधून त्यांवर शेकडो बोंबील वाळत घातले होते. ते मला दिसले नाहीत असं नाही. पण अशा प्रसंगी माणूस बोंबलांकडे बघत नाही. मी खालून वाकून गेले. माझी सॅक वाकली नाही. तिचा पट्टा बांबूत अडकला, मी ओढ घेतली, पहिला बांबू आडवा झाला, त्याने दुसऱ्याला घेतलं, आणि मी पप्पांच्या गळ्यात पडण्याऐवजी थेट जाळ्यात पडले. वरून बोंबलांचा वर्षाव.

अंगणात सगळं गप्प झालं. कोंबडासुद्धा.

“ही कोण गो?” घरातून बाहेर आलेल्या फिलोमावशींनी विचारलं.

आईने माझ्या केसातला एक बोंबील काढला, चेहरा नीट बघितला आणि म्हणाली, “आमची सोनल. पुण्याला शिकायला असते.”

“हेच शिकवतात काय तिथे?”

“बाय, कॉलेज का सोडतेस?” पप्पा घाबरून विचारत होते. “नापास झालीस?”

“तुमची नोकरी गेली ना?”

“माझी? कालच दोन लिफ्ट चालू केल्या!”

“मग हे जाळं कुणाचं विणताय?”

पप्पा चक्क लाजले. मोठ्या जाळ्याच्या कोपऱ्याखालून त्यांनी एक छोटं, निळ्या दोरीचं, जरा वाकडं जाळं ओढून काढलं. “ते मोठं मावशींच्या मिस्टरांचं. त्याच्यावर ते मला शिकवतायत. हा आमचा झोपाळा. गॅलरीत टांगायला. तुझी कॉट काढली ना, तिथे जागा झाली.”

माझी कॉट काढली होती! घरटं रिकामं राहू नये म्हणून पिल्लाची जागा झोपाळ्याला!

हळूहळू सगळं कळलं. फिलोमावशी भाईंदरच्या बाजारात मासे विकतात, आई त्यांची जुनी गिऱ्हाईक. एका लग्नाच्या वेळी आईने त्यांच्या साड्यांना घाईने फॉल लावून दिले. मावशी म्हणाल्या, पैसे घेत न्हायस तर जेवायला ये. दोघं जेवायला आली, ती दर शनिवारी येतायत. सकाळी विणकाम-शिवणकाम, दुपारी जेवण, मग समुद्रावर फेरी. हस्तकला, सहल, आनंद. माझा अख्खा आराखडा, आणि तोही एकाच दिवसात!

“मग फोनवर खोटं का बोलता?” मी विचारलं.

“आता काय सांगू?” आई म्हणाली. “पोर तिकडे मेसचं खातेय, आणि आम्ही इथे मजा करतोय? तुला वाटलं असतं, ह्यांना माझी आठवणच येत नाही.”

“ते मागाहून बोला,” मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “पयले बोंबील कोण लावनार?”

अर्थात मी. एकेक बोंबील पाण्यातून काढून पुसायचा. मग दोन घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टांगायची. बोंबलांना दात असतात. ही माहिती मला दोन्ही हातांच्या सगळ्या बोटांनी मिळाली.

“असं न्हाय,” मावशी मागून सांगत. “एकटा बोंबील दोरीवर ऱ्हात न्हाय पोरी. जोडी बघ त्याला.”

दुपारी जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलांचं कालवण. मी चौथी भाकरी घेतली तेव्हा आईने पप्पांकडे बघितलं.

“मेसमध्ये छान असतं म्हणतेस ना?”

“हो, असतं की.”

“काय छान असतं?”

मी खूप आठवून बघितलं. “पाणी.”

“आणि करमतं?”

“करमतं ना! मैत्रिणी आहेत, लायब्ररी आहे...” आणि तिथेच डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“बोंबलाचा हात लागला असेल डोळ्याला,” पप्पा घाईघाईने म्हणाले आणि स्वतःच्या ताटात बघत राहिले. थोड्या वेळाने हळूच विचारलं, “बाय, तू आम्हाला सोडवायला आलीस, की...?”

आईने पाचवी भाकरी वाढली. मी उत्तर दिलं नाही, कारण तोंडात भाकरी होती. (हे कारण खरं आहे. अर्धं तरी.)

त्या दुपारी ठरलं की आता फोनवर कुणी खोटं बोलायचं नाही. निघताना मावशींनी माझा हस्तकलेचा डबा उचलला, आतल्या कागदी पट्ट्या आईच्या पिशवीत ओतल्या आणि डबा सुक्या बोंबलांनी गच्च भरून दिला. “हॉस्टेलात भाजून खा. आनि परत ये. पन चालत ये, धावत नको.”

रविवारी दुपारी मी हॉस्टेलवर पोचले. आमची खोली तिघींची. मी डब्याचं झाकण जरासं, म्हणजे अगदी जरासंच, उघडलं. पाच मिनिटांत एक पार्टनर उशी घेऊन शेजारच्या खोलीत गेली. दहाव्या मिनिटाला दुसरी गेली. तिने गादीही नेली.

संध्याकाळी आईचा फोन. “पोचलीस? काय करतेस?”

ठरल्याप्रमाणे मी खरं सांगितलं. “बसलेय आपली एकटी, भिंतीकडे बघत. आणि तुम्ही?”

“आम्ही बाई मजेत!” आई म्हणाली. मागे झोपाळा करकरत होता. टीव्ही नव्हता, हे मला आता ओळखता येतं.

डबा मी खिडकीबाहेर ठेवलाय, तरी दोन्ही पार्टनर अजून परत आलेल्या नाहीत. उडून गेलेली पिल्लं सणासुदीला घरट्यात परत येतात, असं वहीत लिहिलंय. कोणत्या सणाला, ते मात्र मॅडमना विचारायचं राहून गेलं.