अबोलीची पिल्लं

निघायच्या दिवशी आईने माझ्या बॅगेत सुकेळीची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, पुडकी कोंबली, हातावर दही ठेवलं आणि बाबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "तिथं कोनाला सांगू नको हां बाय, भाऊ असा हाय म्हनून."

मला राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे आमच्या निर्मळ गावात कोणाला नव्याने सांगायला नको. ज्याच्यासाठी मी एवढी लांब चालले होते, त्याचंच नाव घ्यायचं नाही? पण हातावर दही आणि दारात गाडी, तेव्हा भांडायची ती वेळ नव्हती. बाबा पहाटे फुलं खुडून, टोपल्या बाजाराच्या टेम्पोत चढवून आले होते आणि मातीच्या पायांनीच डिकीत बॅगा लावत होते. सुयोग, माझा धाकटा भाऊ, ओटीवर चाकांच्या खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना देत होता. जड बॅग खाली घाला, सुकेळी वर ठेवा, ताईला पुढच्या सीटवर बसवा म्हणजे ती मागे वळून रडणार नाही. गाडी हलली तसा तो म्हणाला, "ताई, तिथल्या कुत्र्यांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, तुमचा मोठा भाऊ निर्मळला असतो." पुढे बसूनही मी रडायची ती रडलेच.

हे कुत्र्यांचं काय प्रकरण आहे ते आधी सांगते, कारण गावात अजून निम्म्या लोकांना ते कळलेलं नाही. मी जनावरांची डॉक्टर. सुयोगला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाणारा आजार. हाच आजार गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या काही कुत्र्यांनाही होतो. उंदरांवरही त्याचा अभ्यास चालतो, पण उंदीर हा आजार फारसा मनावर घेत नाही, बेटा पळतच राहतो. कुत्र्याचं मात्र माणसासारखंच होतं. आधी चाल बिघडते, मग पाय थकतात, मग श्वास आणि हृदय. म्हणून माणसाला द्यायचा उपचार आधी कुत्र्यांवर करून पाहतात. असं काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एका लॅबमध्ये मला जागा मिळाली होती. आळीत मात्र बातमी अशी फिरली, की वाडीवाल्यांची पोरगी कुत्र्यांची सेवा करायला परदेशी चालली. एका काकांनी तर बाबांना विचारलंच, इथली कुत्री काय कमी पडली होती का?

सुयोग तीन-चार वर्षांचा होता तेव्हा लोक थांबून त्याच्या पोटऱ्या बघायचे. अशा टणक आणि भरलेल्या, की मोठ्या माणसाने हेवा करावा. बाबा त्याला खांद्यावर घेऊन केळीच्या वाडीतून फिरवायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, पैलवान आहे आमचा, पोटऱ्या बघा. बघणारा चिमटा काढून बघायचा आणि वा म्हणायचा. आई मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायची. कोणाला ठाऊक होतं, की ती ताकद नव्हती? या आजारात झिजलेल्या स्नायूच्या जागी चरबी भरत जाते आणि पोटरी फुगलेली दिसते. आम्ही आजाराचंच कौतुक करत बसलो होतो.

मग तो पडायला लागला. खाली बसला की उठताना आपल्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत, अंगावर चढल्यासारखा उभा राहायचा. आई रोज खोबरेल कोमट करून पाय चोळायची. कोणी जायफळ सांगितलं, कोणी कसला लेप. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असंच ते सगळं. शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरांनी निदान केलं आणि मान वर न करता सांगितलं, की हे आईकडून येतं. आईचं माहेर चंदनसारचं, तिथे अजून भात पिकत होता तेव्हाचं; आता त्या खाचरांवर बिल्डिंगी आहेत. तिचा मोठा भाऊ लहानपणीच पाय जाऊन, अंथरुणाला खिळून वारला होता आणि त्याला बाहेरची बाधा झाली असंच सगळे समजत आले होते. परतताना गाडीत आई एवढंच म्हणाली, "म्हंजे दादाचं पन हेच."

त्यानंतर तिने एक गोष्ट सोडली. आमच्या आळीत कोणाकडेही बारसं असलं की पाळणा म्हणायचा तो आईने. आवाज काही फार गोड नव्हे, पण खणखणीत, आणि एक कडवं विसरणार नाही. पाळण्याची दोरी हातात घेऊन ती सूर लावायची तेव्हा स्वयंपाकघरातल्या बायकाही हातातलं टाकून बाहेर यायच्या. निदानानंतर ती एकाही बारशाला गेली नाही. आधी गुडघा दुखायचा, मग नेमके त्याच दिवशी पाहुणे यायचे, मग बोलावणाऱ्यांनीच तिची वाट बघणं सोडलं. तिला तोंडावर कोणी बोललं असेल तर एखाद-दुसरी बाई. खरी बोलणारी तिच्याच आत बसली होती आणि तिचं तोंड कोण धरणार?

इथे अमेरिकेत मी राहते ते गाव म्हणजे मक्याच्या शेतांमध्ये वसलेलं विद्यापीठ. हिवाळ्यात पार्किंगमधली गाडी बर्फातून उकरून काढावी लागते. पहिल्या वर्षी मी दोन-दोन स्वेटरांवर कोट चढवून केनेलमध्ये शिरायचे, तर तिथली कुत्री माझ्यापेक्षा मोकळी. पहिल्याच आठवड्यात एका आजारी पिल्लाची मांडी चाचपत होते आणि हात तिथेच थांबला. बाकी पाय काडीसारखा, पण मांडीच्या पुढचा एक स्नायू टणक, भरलेला. मी मोठ्याने म्हणाले, "पैलवान!" शेजारची मुलगी बघतच राहिली. तिला काय सांगणार? आईची ताकीद होती. तू या आजारावरच काम का निवडलंस, असं कोणी विचारलं की मी म्हणायचे, मला कुत्री आवडतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण सुयोगने ती पहिल्याच फोनवर विचारली होती. यातली काही पिल्लं आजारी निघणार हे ठाऊक असून आम्ही ती जन्माला घालतो. त्यांना ऊब देतो, दूध ओढता येत नसेल तर नळीने पाजतो, जबडा थकला की मऊ करून भरवतो, पण जन्माला घालतो ती आम्हीच. हे बरोबर आहे का, याला मला अजून छातीवर हात ठेवून हो म्हणता येत नाही. आमच्या फाटकाबाहेर कधी कधी लोक फलक घेऊन उभे राहतात. मी रागीट बाई, पण त्यांचा मला राग येत नाही. हे सगळं सुयोगने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग औषध निघालं की पहिला नंबर त्यांचा. मी मागे थांबतो."

औषध निघालं का, हे मला गावाकडचे प्रत्येक फोनवर विचारतात. काही पिल्लं आता पूर्वीपेक्षा जास्त दिवस चालतात. माणसांसाठीही काही उपचार येऊ लागलेत. सुयोगला त्यातलं काही लागू पडेल का, ते मला सांगता येत नाही. तो आता खुर्चीवर बसून कॉम्प्युटरवर लोकांच्या लग्नपत्रिका सजवतो, बोटं अजून चालतात, आणि गिऱ्हाइकांच्या शुद्धलेखनाला हसतो.

अबोली ही आमच्या लॅबमधली कुत्री. नाव मीच ठेवलं, बाबांच्या फुलांवरून. ती स्वतः धडधाकट, उडी मारून तोंड चाटणारी. आजाराचा दोष तिच्या एका जनुकात आहे, पण त्याच जनुकाची दुसरी चांगली प्रतही तिच्याकडे आहे, आणि ती प्रत तिला सांभाळून घेते. नर पिल्लांकडे दुसरी प्रत नसते. आईकडून चांगली आली तर वाचला, वाईट आली तर आजार, नाणं उडवल्यासारखं. माझ्या आईचं हेच. आणि लग्नानंतर, मूल हवं असं ठरल्यावर, मी तपासणी करून घेतली तेव्हा कळलं, की माझंही हेच.

माझा नवरा आमच्याकडचाच, मनवेलपाड्याचा. शांत माणूस आहे, नाहीतर माझ्याशी कसा टिकला असता? तो म्हणाला, तपासण्या आहेत, मार्ग आहेत, आपण घाई नको करू या. त्याने मला धीर दिला, पण माझी भीती वेगळीच होती. आईला कसं सांगायचं? एका लेकराचं ओझं ती इतकी वर्षं वाहत होती. त्यावर मी माझं ठेवलं तर ती मोडून पडेल असं मला वाटायचं. म्हणून फोनवर मी हवापाण्याच्या गप्पा मारायचे, आणि ती नातवंडाचा विषय काढायची नाही. दोघीही काय टाळतोय हे आम्हाला कळत होतं.

गेल्या वर्षी अबोली व्याली. पिल्लं दाखव म्हणून सुयोग हटूनच बसला, तेव्हा लॅबमध्ये परवानगी घेऊन मी व्हिडिओ कॉल लावला. माझी संध्याकाळ, निर्मळची सकाळ. सुयोगच्या खुर्चीला फोन अडकवलेला आणि मागे आई त्याचे केस विंचरत होती. पिल्लं बघून सुयोग खूश. आईने विचारलं, यातली आजारी कोणती? मी दोन दाखवली. आमच्याकडे जन्मल्याबरोबर तपासतात. मग तिने विचारलं, आईला काय झालंय? मी म्हटलं, आईला काही नाही, तिच्याकडून पिल्लांना येतं.

आईचा विंचरणारा हात थांबला. ती वाकून स्क्रीनजवळ आली. अबोली त्या दोघांतल्या एका अशक्त पिल्लाला चाटत होती आणि मधे मधे येणाऱ्या धष्टपुष्ट भावाला नाकाने बाजूला सारत होती. तेवढ्यात आमच्या केनेलची बाई आत आली, अबोलीच्या कानामागे खाजवलं, तिला खाऊ दिला आणि लाडाने काहीतरी बोलली. आईने विचारलं, काय म्हणाली ती? मी सांगितलं, शाब्बास म्हणाली, छान पिल्लं झाली म्हणाली.

आईने अबोलीकडे बोट दाखवलं. "हिला कोन काय बोलत नाय ना?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी निघताना आई हळूच म्हणाली होती ते, कोणाला सांगू नको, सुयोगसाठी नव्हतंच. तिला त्याची लाज कधीच वाटली नव्हती. सुयोगचं नाव निघालं की पुढचं बोट आपल्याकडे वळेल, परक्या मुलखातसुद्धा वळेल, ही तिची भीती होती.

मी म्हटलं, "नाही गं आई. कोण बोलेल? तिने काय केलंय?" आणि मग, आता नाही तर कधीच नाही, म्हणून सांगून टाकलं. "आई, मी पण तपासून घेतलं. माझ्यात पण आहे."

आई आत गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला. आमच्याकडे काही झालं की आई भांडी घासते, स्वच्छ असली तरी घासते. मी तिकडे अबोलीसमोर फरशीवर बसून ते ऐकत राहिले. पाणी बंद झालं, आणि पदराला हात पुसत ती परत आली.

"बाय, तू मला कधी बोल लावला?"

मी नाही म्हटलं.

"ह्याने?"

सुयोग म्हणाला, मी लावतो ना, आमटीत मीठ कमी असलं की. आईने त्याच्या डोक्यावर टपली मारली.

"मंग तुजं पोर तुला कशाला लावंल?"

ती हे माझी समजूत घालायला बोलली. पण मला वाटतं, ते वाक्य तिला स्वतःलाही पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. मी रडले, आणि आईने मला रडू दिलं.

काही आठवड्यांनी सुयोगचा निरोप आला, रेकॉर्ड केलेला, हसत हसत. शेजारच्या काकूंच्या नातवाचं बारसं होतं आणि आई गेली होती. कोणी आग्रहसुद्धा केला नव्हता. इस्त्रीचं लुगडं नेसली आणि चालत गेली. दोन कडवी विसरली तिथे मनाची घातली, पट्टी चुकली, बाळ काही झोपलं नाही, पण निम्म्या बायका डोळे पुसत होत्या. मी तो निरोप परत परत ऐकला.

नंतर मी फोन केला तर आईचा घसा बसलेला. बारशाबद्दल ती काही बोलली नाही. एकदम विचारलं, "तिथं सांगितलंस का कोनाला, भावाचं?" मी म्हटलं, नाही, तूच नको म्हणाली होतीस.

"आता सांग. माझ्याकडून आलं म्हनून सांग. आनि माझं नाव पन सांग."

पुढच्याच मीटिंगला मी लॅबमधल्या सगळ्यांना बाबांच्या खांद्यावरच्या छोट्या सुयोगचा फोटो दाखवला. खोलीतल्या प्रत्येकाची नजर आधी पोटऱ्यांवर गेली आणि कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. जिने मला पैलवान म्हणताना ऐकलं होतं तिने सावकाश विचारलं, आणि आई? मी सांगितलं, तिच्याकडूनच आलं, आणि तिचं नावही सांगितलं.

आम्हाला मूल व्हायचं तेव्हा होईल, जसं व्हायचं तसं होईल. पाळणा म्हणणारीची सोय झाली आहे. इतकी वर्षं मला घर म्हणजे जपायची वस्तू वाटत होती, सुकेळीसारखी, पानात घट्ट बांधून बॅगेच्या तळाशी ठेवायची. आता तुझं घर कुठलं असं कोणी विचारलं, की मी गावाच्या आधी आईचं नाव सांगते. निर्मळकरांनो, तुम्हालाही तेच सांगायला हे लिहिलं. सुयोगचा आजार माझ्या आईकडून आला, माझ्यातही तिच्याकडूनच आला, आणि तिचं नाव यमुना.