सोर्राया: मोरूच्या डोळ्यातला घोडा

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेतल्या एका पहाडी ठाण्यावर, खेचर कंपनीत होती. मी हवालदार. ताब्यात बारा खेचरं आणि पाच जवान. पहाटे पाचला दाणा, सहाला खरारा, साडेसातला कूच. आता गावी, बेटेगावात, पोरं विचारतात, "काका, बंदूक किती चालवली?" मी खरं तेच सांगतो, खरारा जास्त चालवला. त्यांची तोंडं पडतात, त्याला माझा इलाज नाही.

त्या पाचांत नायक मोरेश्वर राऊत होता. वाणगावचा, म्हणजे आमच्या बोईसरच्या पुढच्याच स्टेशनचा. मला दादा म्हणायचा. आमचे जनावरांचे डॉक्टर मेजरसाहेब पोर्तुगालला जाऊन आले होते. दुपारच्या विश्रांतीत ते मोबाईलवर तिथल्या सोर्राया घोड्यांचे फोटो दाखवत, आणि मोरू चहा विसरून बघत बसे.

उंची बेताची, रंग उंदरासारखा. आयाळीपासून शेपटीपर्यंत पाठीवर एक काळी रेघ आणि पायांवर झेब्र्यासारखे फिकट पट्टे. नाकाचं हाड जरा फुगीर. साहेब सांगत, सोर्राया नदीकाठी शिकारीला गेलेल्या एका पोर्तुगीज अभ्यासकाला असा कळप दिसला. पुढे त्याने तसेच मोजके घोडे शोधून आपल्या जमिनीवर जवळजवळ रानात सोडले. आजचे सगळे सोर्राया त्या मूठभरांचेच वंशज. ही आदिम रानघोड्यांची जात की नाही, यावर विद्वान अजून भांडतात. पण निकृष्ट गवतावर आणि कडक उन्हात तग धरणं तिच्या रक्तातच आहे.

"दादा, असा कळप मासवणला सूर्या नदीवर उतरला तं?" मोरू म्हणायचा. "भात कापलं का मोकळाच सोडाचा. आपलं गवत चालंल त्यांना, नखरे नाय."

"तुझ्या बापाच्या मिरच्या खातील."

"खाऊ देत. तोंड भाजलं का परत नाय येत."

तो बोलत असला की समोरचा बर्फ विरघळायचा. मला खरोखर नदी दिसायची, पाण्यात पोटापर्यंत उभे ते करडे घोडे दिसायचे, आणि त्यांच्यावरचं धुकंही.

आता दोरीचं. अरुंद वाटेवर खेचरं एकामागे एक बांधतात ती कच्च्या सुतळीने. एक घसरलं तर सुतळी तुटावी, एकटंच जावं, हा नियम. त्या आठवड्यात सुतळ्या सारख्या तुटत होत्या. रेशन उशिरा पोचत होतं आणि रेडिओवर मला झापलं गेलं. मी चिडलो. सुतळी काढून नायलॉनची दोरी बांधायला लावली.

"दादा, सुतळीच बरी हाय," मोरू म्हणाला.

"ऑर्डर आहे," मी म्हणालो.

सकाळी आठ चाळीसला शेवटचं खेचर घसरलं. दोरी तुटली नाही. त्याच्या पुढचं ओढलं गेलं, त्याच्याही पुढचं गुडघ्यांवर आलं. मी ओरडलो, "मोरू, मागे हो!" तो मागे झाला नाही. वाकला आणि चाकूने दोरी कापली. दहा खेचरं जागच्या जागी थांबली. मोरूच्या पायाखालची कड बर्फासकट खाली गेली.

"एक जवान खाली, दोन जनावरं खाली. ओव्हर."

"नाव सांगा. ओव्हर."

मी नाव सांगितलं. रिपोर्टमध्ये लिहिलं, बर्फावरून घसरून. दोरीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मी घाबरलो होतो.

रिटायर होऊन आल्यावरही वाणगावला जायला मला दोन वर्षं लागली. मोरूचे वडील वाडीत मिरच्या निवडत बसले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

त्यांनी हातातली मिरची ढिगावर टाकली. म्हणाले, "त्याच्या आयशीला तूच सांग. मी नाय सांगनार."

काकू ओट्यावर आल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सुतळी, दोरी, माझी ऑर्डर. शिव्या देतील म्हणून मी मान खाली घातली.

"दहा वाचली ना रे?" त्यांनी विचारलं.

"वाचली, काकू."

"आनि तुमी पोरं?"

"आम्ही सगळे."

"मंग त्यानं बराबर केलं," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.