बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

बाबा खुर्चीतून उठताना आधी शिलाई मशीनचा कोपरा धरतात आणि डोळे मिटून जरा वेळ तसेच उभे राहतात. हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. परवा कोपरा हुकला आणि ते कटिंगच्या टेबलाशी पडले. कपाळाला टेंगूळ आलं, तेवढ्यावर निभावलं. पुढच्या वेळी काय? माझी मुलगी म्हणते, "आई, तू काळजीचे क्लास काढ, चांगले चालतील."

बाबांनी जन्मभर शिंपीकाम केलं. कोटात तर त्यांचा हातखंडा. दुकान बंद झालं तेव्हा मशीन, टेबल आणि बटणांचा खणाखणांचा लाकडी डबा घरी आला. आता त्या डब्यात गोळ्या असतात, बटणांसारख्याच रंग आणि आकार बघून लावलेल्या.

पडल्याचं ऐकून दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरबाईंनी सगळी औषधं घेऊन बोलावलं. बाबांनी डबाच उचलला. मी रिकामी पाकिटं सोबत घेतली म्हणून बरं.

"आजोबा, ही कशासाठी?"

"प्रेशरची."

"आणि ही पांढरी?"

"तुम्हीच दिली असेल."

"मी तर तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय."

"मग तुमच्या आधीच्या डॉक्टरांनी. फार भला माणूस. खांदे जरा उतरते होते, पण मी पॅड घालून सांभाळून घ्यायचो."

डॉक्टरबाई हसल्या, पण त्यांनी पिच्छा सोडला नाही. कुठली आधी आली, कुठली नंतर? बाबांना साल आठवेना. तेव्हा मशीनवर काय होतं ते मात्र लख्ख आठवत होतं.

"प्रेशरची सुरू झाली तेव्हा बँडवाल्यांचे कोट होते. ते संपेपर्यंत पाय इतके सुजले की पायडल मारवेना. म्हणून ही पांढरी, लघवी होण्याची. मग रात्रभर उठबस, झोपेचं खोबरं. म्हणून ही झोपेची. त्यानंतर वकीलसाहेबांचा कोट आला... त्याची डावी बाही मी उजवीकडे लावली. ट्रायलला त्यांनी हात घातला तेव्हा कळलं. म्हटलं, झालं आता वय. दुकान बंद केलं."

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. आम्हाला त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं.

डॉक्टरबाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "आजोबा, पायाची सूज या पहिल्या गोळीनेही येऊ शकते. आपण तिचा डोस कमी करून बघू. प्रेशर नीट राहिलं, सूज उतरली, तर पांढरी थांबवू. मग झोपेची. उठताना येणारी चक्कर, डोक्यावरची गुंगी या गोळ्यांमुळेही असू शकते."

"उसवायचं तर शेवटच्या शिलाईपासून. आधी झोपेची काढा."

"ती एकदम काढली तर आहे ती झोपही उडेल. ती हळूहळूच कमी करावी लागते."

"म्हणजे तुमच्याकडे उलटं उसवतात."

"आमच्याकडे घाई न करता उसवतात. घरी विचार करून कळवा. तोवर आपल्या मनाने एकही बंद करायची नाही."

दादा फोनवर म्हणाला, "सुरळीत चाललंय ना? मग कशाला हात लावता?" सुरळीत म्हणजे टेंगूळ धरून का, असं मी विचारलं खरं. पण त्याची भीती मलाही चिकटली. प्रेशर वाढलं तर?

आज संध्याकाळी बाबा नातीच्या नव्या नोकरीसाठी कोट बेतत होते. कापलेल्या दोन्ही बाह्या टेबलावर ठेवून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला लावून बघत होते.

"ठरलं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"भीती वाटते, बाबा."

"मलाही वाटते. पण ती बाही चुकली, ती माझ्या वयाने की त्या झोपेच्या गोळीने, एवढं मला जाणून घ्यायचंय. वयाने असेल तर असो. मी काही परत दुकान मागणार नाही."

"आणि गोळीने असेल तर?"

"तर वकिलाला सांगेन, या आता ट्रायलला."

ते उठले, कोपरा धरला, डोळे मिटले. तसे उभे असताना त्यात बाबा किती आणि गोळ्या किती, ते मला ओळखता येईना.

घर झोपलंय. बाह्या अजून टेबलावरच आहेत, न जोडलेल्या. सकाळी दवाखाना उघडला की डॉक्टरबाईंना फोन करणार आहे. सुरुवात करा, म्हणेन. प्रेशर केव्हा केव्हा मोजायचं ते मात्र आधी विचारून घेईन. दादाला नंतर सांगता येईल.