दिवाणाचं सागवान

जाम गावच्या चौकाजवळ लाकूड चिरायची एक आरामशीन आहे. तिथं मी पहिल्यांदा गेले आणि हातानं माप दाखवून जाड, रुंद फळी मागितली, तेव्हा मालकानं विचारलं, "पोळपाट करता का मॅडम? का देवाचा पाट?"

"गिटार," मी म्हटलं. "इलेक्ट्रिक."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पिकलेल्या केसांकडं पाहिलं. "हौसेले मोल नाई," म्हणाला, आणि मुकाट्यानं फळ्या दाखवायला लागला.

चाळिशी ओलांडलेल्या, दवाखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासणाऱ्या बाईनं गिटार करावी, हे मलाही कधीकधी हसू येण्यासारखं वाटतं. पण वाजवायला मी शिकले होते, मोबाइलवर पाहून पाहून. स्वस्तातली एक गिटार घेतली होती. तिचं अंग दाबलेल्या भुशाचं निघालं, आणि एक दिवस खांद्याला अडकवायच्या पट्ट्याचा स्क्रू भुशासकट हातात आला. मान शाबूत होती, तारा होत्या, आतलं वायरिंग मी स्वतः डाग देऊन सुधारलेलं होतं. फक्त अंगाला लाकूड हवं होतं. मोबाइलवरचे लोक ज्या झाडांची नावं घेतात त्यातलं एकही झाड मी वर्धा जिल्ह्यात पाहिलेलं नाही.

मालकानं आंबा दाखवला, त्याला किडीची भोकं होती. बाभूळ दाखवली, ती मला दोन हातांनी उचलवेना. मग कोपऱ्यातून शिवणाच्या झाडाची फळी काढली. फिकट, हलकी, आणि मला परवडणारी. बोटानं टिचकी मारली तर छान वाजली.

"ढोलकीवाले नेतात हे," तो म्हणाला. "पन मॅडम, लाकूड म्हनजे सागवान. बाकी सारं जळतन." सागवानाचा भाव ऐकून मी शिवण उचललं. "वल्लं हाय, वाळवून घेजा," त्यानं मागून सांगितलं.

आता आमच्याकडं मे महिन्यात वाळवायचं म्हणजे गच्ची. कुरड्या, पापड, मुगवड्या, मिरच्या, सगळं गच्चीवर. बोरगावातल्या आमच्या गच्चीवर आईच्या कुरड्यांशेजारी मी फळी टाकली आणि ड्यूटीवर गेले. ओलं लाकूड सावलीत, दमादमानं सुकवायचं असतं, हे मला नंतर कळलं. कुरडई कडकडीत वाळली की आपण खूश होतो. लाकूड कडकडीत वाळलं आणि मधोमध तडकलं.

मी जिन्यावरून आदळआपट करत खाली आले. आई कुरड्या डब्यात भरत होती. "काखेत कळसा अन् गावाले वळसा," मी म्हटलं. "घरात इतकं सागवान पडून हाय, अन् मी जामले चकरा मारून राह्यली!"

घरातलं सागवान म्हणजे सज्ज्यावरच्या फळ्या. मी शाळेत होते तेव्हा बाबांनी जंगलखात्याच्या लिलावातून लाकूड घेतलं, चिरून आणलं आणि आतल्या खोलीत छताखालच्या सज्ज्यावर रचलं. माझ्या लग्नात द्यायच्या दिवाणासाठी. लग्न ठरल्यावर घाईनं घेतलेलं लाकूड ओलं असतं, पुढं वाकतं, आणि सासरचे आयुष्यभर ऐकवतात. म्हणून ज्यांना जमतं ते आधीच घेऊन ठेवतात. हवा खेळावी म्हणून दोन फळ्यांच्या मध्ये लाकडाच्या पट्ट्या घातलेल्या. दरवर्षी दिवाळीच्या आधी फळ्या खाली काढायच्या, पुसायच्या, उलटवायच्या, वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला टाकायचा आणि पट्ट्या घालून परत रचायच्या. बाबा गेल्यावर हे काम आई आणि मी करायचो.

स्थळं आली. काहींना मी नको म्हटलं, काहींनी मला. मग यायची थांबली. फळ्या मात्र दरवर्षी उलटत होत्या. वरची फळी ठेवताना आई हमखास म्हणायची, "लाकूड अजून चांगलं हाय." मला त्या वाक्याचा भयंकर राग यायचा. मी मुद्दाम फळी आपटून ठेवायचे.

तर त्या दिवशी मी तसं बोलून गेले. आई डब्याचं झाकण लावून आत गेली.

चार-आठ दिवसांनी ड्यूटीवरून आले तर सगळ्या फळ्या अंगणात भिंतीला टेकून उभ्या. शेजारच्या माणसांना बोलावून तिनं उतरवून घेतल्या होत्या. जवसाच्या तेलात चिंधी बुडवून ती एकेक फळी पुसत होती, आणि पुसलेलं लाकूड मधासारखं दिसत होतं.

"तुले पायजे तेवढं घे," ती म्हणाली.

"आई, मी रागात बोलली."

"नाई वं. खरंच हाय तुयं. पडून पडून काय करते ते?"

"अन् दिवाण?"

तिनं चिंधी पिळली. "घे वं माय तू," म्हणाली.

किती वर्षं मला वाटत होतं की आईनं माझ्या लग्नाचा विषय सोडावा. तो तिनं सोडला, आणि मला वाटलं, फळ्या आत्ताच्या आत्ता परत वर ठेवाव्यात. मी तसं म्हटलं नाही. लाकडाचा मोह पडला होता. माझा हात पुसलेल्या फळीवरून निघत नव्हता आणि मनात मापं सुरू झाली होती.

घरी बोलावलेल्या सुतार मिस्त्रीनं एका फळीचे दोन तुकडे कापून एकावर एक चिकटवले. सागवान तेलकट, सरस धरत नाही, म्हणून आधी स्पिरिटनं पुसून घ्यावं लागलं. त्यानं मशीन सुरू केली तशी आई आत गेली आणि भुसा झाडायलाच बाहेर आली. कापलेल्या फळीतून दिवाणाची लांबी आता निघणार नव्हती. उरलेल्या फळ्या तिनं काकांकडं पाठवल्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

गिटार चांगली झाली. तार छेडली की सूर बराच वेळ टिकतो. पण जड आहे, उभ्यानं वाजवली तर पट्टा खांद्यात रुततो. आईनं पहिल्यांदा ऐकली तेव्हा पदर सावरून खुर्चीवर बसली, एखाद्या कार्यक्रमाला आल्यासारखी. "तुया बाबानं पारखून घेतलं होतं," एवढंच म्हणाली.

दिवाळी जवळ आली. आई फळ्या काढायला हाक मारेल म्हणून मी सवयीनं वाट पाहत होते, आणि मग आठवलं. सज्ज्यावर आता चिवड्याचे डबे आहेत.

नरकचतुर्दशीला पहाटे उठले तर आई अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवत होती. चुलीत फळ्यांच्या मधल्या पट्ट्या जळत होत्या.

"आई, त्या कशाले जाळतं? ठेवायच्या होत्या."

"आता कशाच्या मधात ठेवू?" तिनं एक पट्टी आणखी आत सारली. "चाल, पाणी निवते."

दिवाळीला अजूनही आईच माझ्या पाठीला उटणं लावते. खांद्यावर तिचा हात थांबला. तिथं गिटारच्या पट्ट्याचा वळ होता.

"जड हाय का वं?"

"हो," मी म्हटलं. "शिवण हलकं असते, आई. दुसरं शिवणच आणाले पायजे होतं मी."

"आता झालं ते," आई म्हणाली, आणि वळ दुखू नये अशा बेतानं हात फिरवून तिनं खांद्यावर गरम पाणी ओतलं.